घर दाखवायच्या कामातली साधनं: लेझर मीटरला पूर्ण मार्क, वाइड लेन्सला कमी

घरं विकायच्या आणि भाड्याने द्यायच्या धंद्यात नव्याने आलेली मुलंमुली मला हमखास विचारतात, "ताई, कुठलं ॲप घेऊ?" एका ॲपचं नाव सांगून हा प्रश्न सुटत नाही, म्हणून माझ्या रोजच्या वापरातल्या साधनांबद्दल सविस्तरच लिहिते. माझी कसोटी एकच आहे. या साधनामुळे समोरच्या माणसाची फुकटची चक्कर वाचते का? घर बघायला येणारा माणूस कामावरून सुट्टी टाकून, मुलांना कुणाकडे तरी सोपवून येतो. दारात पाऊल टाकताच "फोटोत मोठं दिसत होतं" असं त्याच्या मनात आलं, तर त्याचा दिवस गेलाच आणि माझा शब्दही गेला.

पहिला नंबर लेझर मीटरचा, म्हणजे लाल किरण टाकून अंतर मोजणाऱ्या यंत्राचा. हातात मावणारा पहिला लेझर मीटर लायका कंपनीने १९९३ मध्ये 'डिस्टो' या नावाने आणला. आता अनेक कंपन्यांचे मिळतात आणि आपल्या कामाला साधं मॉडेल पुरतं. साध्या मॉडेलचीही चूक साधारण दोन मिलिमीटरच्या आसपास असते, घर दाखवायला याहून अचूक काही लागत नाही. मोठा हॉल एकटीने, कुणाला टेपचं दुसरं टोक धरायला न लावता काही सेकंदांत मोजून होतो. मालक समोर उभे असतात, आकडा त्यांनाही दिसतो आणि "आमचा हॉल वीस फुटांचा आहे" हा विषय तिथेच, वाद न होता मिटतो.

वापरायची पद्धत मात्र नीट शिकून घ्या. बहुतेक मॉडेलं अंतर यंत्राच्या मागच्या कडेपासून धरतात, त्यामुळे यंत्राचं बूड भिंतीला टेकलेलं हवं. सेटिंग चुकून पुढच्या कडेवर गेलं असेल तर प्रत्येक खोलीत यंत्राच्या लांबीएवढा फरक येत राहतो. दुसरं म्हणजे किरण तिरका गेला की आकडा वाढतो. मी सलग मोजणी चालू ठेवून लाल ठिपका समोरच्या भिंतीवर हळूहळू वर-खाली, डावीकडे-उजवीकडे फिरवते आणि पडद्यावर येणारा सगळ्यात लहान आकडा धरते. काटकोनातलं अंतर तेच. समोर काचेची सरकती दारं असतील तर किरण आरपार जाऊन बाल्कनीचा कठडा मोजून येतो. तिथे काचेला लावून एक कागद धरायचा. भर उन्हात ठिपका दिसतच नाही, म्हणून गच्चीची मोजणी संध्याकाळी करते. आणि खोलीत लहान मूल असेल तर आधी त्याला बाहेर पाठवते. या किरणाची ताकद कमी असली तरी तो कुणाच्या डोळ्यात जाता कामा नये.

खोली दोन्ही टोकांना मोजावी, कारण भिंती समांतर असतातच असं नाही. शिवाय दशांशाकडे लक्ष द्या. पडद्यावर १०.५ फूट आलं तर ते दहा फूट सहा इंच होतात, दहा फूट पाच इंच नव्हे. क्षेत्रफळातही हीच गडबड बघते. मीटरचे फूट करायला ३.२८ ने गुणायचं, पण चौरस मीटरचे चौरस फूट करायला १०.७६४ ने. ३.६ बाय ३.३ मीटरची खोली ११.८८ चौरस मीटर भरते, म्हणजे जवळपास १२८ चौरस फूट. जाहिरातीत मी नुसतं एकूण क्षेत्रफळ कधीच देत नाही, खोलीवार लांबी-रुंदी देते. लोकांना पलंग आणि कपाट ठेवायचं असतं, त्यांना एकूण बेरजेचा काय उपयोग?

एवढं असूनही पाच मीटरचा साधा स्टीलचा टेप माझ्या पर्समधून गेलेला नाही. एक बाई व्हीलचेअरवर असलेल्या आईसाठी घर शोधत होत्या. जाहिरातीतल्या घराला लिफ्ट होती, पायऱ्या नव्हत्या, सगळं ठीक वाटत होतं. मी बाथरूमचं दार पूर्ण उघडलं आणि उघड्या दाराच्या पृष्ठभागापासून समोरच्या चौकटीपर्यंत टेप धरला. चौकट ७५ सेंटीमीटर होती, पण उघडं दारच आत जागा खात होतं, त्यामुळे मोकळी जागा उरली ६९. खुर्ची चाकांच्या कड्यांसकट ६६ सेंटीमीटर. म्हणजे प्रत्येक बाजूला दीड सेंटीमीटर, आणि चाक ढकलणाऱ्या हाताची बोटं तर बाहेरच असतात. मी टेपसकट फोटो काढून पाठवला. बाईंनी फोनवरच ते घर सोडून दिलं आणि आईला घेऊन यायचा त्रास वाचला. असं काम करणारं साधन मला कुठल्याही महागड्या ॲपपेक्षा प्रिय आहे.

फोनमधल्या मोजणीच्या ॲपबद्दल थोडक्यात. कॅमेऱ्यावर चालणारी मोजणी अंदाजाला ठीक, जाहिरातीत आकडा लिहायला नाही. आयफोनच्या प्रो मॉडेलांत २०२० पासून लायडार, म्हणजे लेझर किरणांनी अंतर जोखणारा सेन्सर आहे, त्यावर चालणारी ॲप खोलीत फिरता फिरता नकाशा काढून देतात आणि तो नकाशा खरोखर कामाचा असतो. पण या सेन्सरची पोच पाच मीटरच्या आसपास, आणि आरसे व काच त्याला फसवतात. मी नकाशा त्यातून घेते आणि त्यावरचे आकडे लेझर मीटरने तपासून मगच पाठवते.

आता कॅमेरा, आणि इथे माझं बऱ्याच सहकाऱ्यांशी पटत नाही. आयफोन ११ मध्ये, २०१९ साली, ०.५ वाली अल्ट्रा वाइड लेन्स आली आणि त्यानंतर ती जवळपास प्रत्येक चांगल्या फोनमध्ये दिसू लागली. तिचा कोन १२० अंशांच्या घरात असतो. कोपऱ्यात उभं राहून फोटो काढला की बारा फुटांची बेडरूम सभागृहासारखी दिसते, कडेची खुर्ची ताणली जाते, समोरची भिंत लांब पळते. मालक खूश होतात, चौकशीचे फोन वाढतात आणि प्रत्यक्ष बघायला आल्यावर लोकांचे चेहरे पडतात. माझ्या मते ही लेन्स खोलीसाठी वापरूच नये. बाथरूम आणि अरुंद स्वयंपाकघर एवढाच अपवाद, कारण तिथे मागे सरकायला जागाच नसते, आणि त्या फोटोखालीही मी लांबी-रुंदी लिहिते. बाकी सगळीकडे १ वाली, म्हणजे फोनची नेहमीची लेन्स. खोली एका फोटोत मावत नसेल तर दोन फोटो काढा.

चांगल्या फोटोला महागडा फोन लागत नाही, काही सवयी लागतात. लेन्स मऊ कापडाने पुसायची. खिशातल्या फोनच्या काचेवर बोटांचं तेल असतं आणि त्याने खिडकीचा उजेड धुरकट होतो. कॅमेऱ्यातली ग्रिड, म्हणजे पडद्यावरच्या आडव्या-उभ्या रेघा, चालू ठेवायची. फोन डोळ्यांपाशी न धरता छातीच्या उंचीवर, न झुकवता अगदी सरळ धरायचा, तो पुढे झुकला की भिंती पडताहेत असं दिसतं. खिडकीचा उजेड आणि आतला अंधार यांची सांगड एचडीआर (कमी-जास्त उजेडाचे फोटो एकत्र करणारी कॅमेऱ्यातली सोय) बरीच घालतो, पण हात हलला तर त्यातही कडा फाटतात, म्हणून छोटा ट्रायपॉड आणि तीन सेकंदांचा टायमर. आणि भिंतीवरचे कुटुंबाचे फोटो, टेबलावरची बिलं, औषधं, कपाटाला लटकलेल्या किल्ल्या हे सगळं फ्रेममधून काढायचं. राहत्या माणसाचं घर आपण चारचौघांत उघडं करत असतो.

रिकाम्या खोलीत संगणकाने फर्निचर बसवून देणाऱ्या सेवा आता ढिगाने आल्या आहेत. सोफा कुठे बसेल हे दाखवायला मीही वापरते. मात्र असा फोटो कधीच पहिला लावत नाही, त्यावर 'फर्निचर कल्पित' असं ठळक लिहिते आणि शेजारी खरा फोटो ठेवते. ओल आलेली भिंत किंवा खिडकीसमोरची विजेची तार त्याच साधनाने पुसून टाकणं ही फसवणूक आहे. ते काम मी करत नाही आणि करणाऱ्याबरोबर व्यवहारही करत नाही.

३६० अंशांचा कॅमेरा लांबून घर घेणाऱ्यांसाठी उत्तम. दोन फिशआय, म्हणजे खूप रुंद कोनाच्या फुगीर लेन्सची चित्रं यंत्र एकत्र शिवतं, म्हणून कॅमेरा दाराच्या चौकटीला किंवा खांबाला चिकटून ठेवू नका, शिवण तिथेच तुटते. खोलीच्या मधोमध, बारीक स्टँडवर ठेवून आपण बाहेर जायचं आणि फोनवरून फोटो घ्यायचा. या फोटोत कोपरे लपवता येत नाहीत, मला तो आवडतो तो याचसाठी. छतावरचा डागसुद्धा बघणाऱ्याला दिसतो.

ग्राहकांशी रोजचं बोलणं व्हॉट्सॲप बिझनेसवर, म्हणजे धंद्यासाठीच्या व्हॉट्सॲपवर होतं. हे ॲप २०१८ पासून आहे, फुकट आहे, आणि त्यातल्या दोन सोयी खरोखर उपयोगाच्या आहेत. एक, लेबल: 'बघून झालं', 'कागद बाकी', 'बजेट बसत नाही' अशी माझी लेबलं आहेत. दुसरी, झटपट उत्तरं: पत्ता, भेटीची वेळ, कुठली कागदपत्रं आणायची हे एकदा लिहून ठेवलं की दोन अक्षरांत पाठवता येतं. ब्रॉडकास्ट लिस्टचा, म्हणजे एकच निरोप एकदम अनेकांना पाठवायचा मोह मात्र टाळा. ज्याने आपला नंबर सेव्ह केला नाही त्याला तो निरोप पोचत नाही, आणि ज्याला पोचतो त्याला तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो. फोटोंबाबत एक बारकी गोष्ट. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबला जातो आणि बारकावे जातात. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो, पण त्यात लपलेली जागेची माहिती, म्हणजे अक्षांश-रेखांश, तीही सोबत जाते. घरात एकटी राहणारी व्यक्ती असेल तर मी लोकेशन काढूनच फाइल पाठवते.

नोंदींसाठी मी एक नावाजलेलं सशुल्क सॉफ्टवेअर वापरून सोडलं. एका फोननंतर इतके रकाने भरावे लागत की पुढचा फोन चुकायचा, आणि सोडताना आपलीच माहिती सरळ बाहेर काढता येईना. आता गुगल शीट्स. रकाने मोजकेच: नाव, काय हवं, कितीपर्यंत, कधी राहायला यायचं, काय चालणार नाही, पुढचा फोन कधी. 'काय चालणार नाही' हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. कुणाला रस्त्याचा आवाज चालत नाही, कुणाला कुत्रा ठेवायचा असतो, कुणाला तिसऱ्या मजल्याच्या वर जायचं नसतं. नवं घर आलं की फिल्टर लावते आणि ज्यांना ते जमणारच नाही त्यांना फोनच करत नाही. चुकून काही पुसलं गेलं तर जुनी आवृत्ती परत मिळते. मित्रमंडळींना दाखवायला यात भपका नाही, पण काम चोख होतं.

कागद स्कॅन करायला ॲडोबी स्कॅन किंवा आयफोनच्या नोट्समधली स्कॅनची सोय, दोन्ही चांगली. कागद गडद टेबलावर ठेवला तर कडा आपोआप पकडल्या जातात. ऑनलाइन सहीच्या सेवांत कुणी, कधी सही केली याची नोंद राहते, ती मोलाची आहे. पण कुठल्या कागदाला अशी सही चालते हे वकिलाला विचारून घ्यावं. ओळखपत्रांच्या प्रती व्यवहार संपला की, कायद्याने ठेवायच्या तेवढ्या सोडून, फोनमधून आणि ड्राइव्हमधून पुसायच्या. ड्राइव्हची कचरापेटीही रिकामी करायची, नाहीतर फाइल तिथे तीस दिवस पडून राहते.

एका साधनाचं कौतुक राहिलं, ते फारसं कुणी वापरत नाही. सनकॅल्क नावाची फुकटची वेबसाइट आहे, व्लादिमीर अगाफोन्किन या प्रोग्रामरने केलेली. नकाशावर इमारत शोधायची, तारीख टाकायची, आणि त्या दिवशी सूर्य कुठून उगवतो, कुठून मावळतो हे रेघांनी दिसतं. "ऊन येतं का?" हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि बहुतेक एजंट "भरपूर" म्हणतात. मी २१ जून आणि २१ डिसेंबर असे दोन स्क्रीनशॉट पाठवते, खिडकीवर खूण करून. समोरच्या इमारतीची सावली तो नकाशा सांगत नाही, ती प्रत्यक्ष जाऊनच बघते. फोनच्या होकायंत्रावर मात्र विसंबू नका. लोखंडी ग्रिल, लिफ्ट, गाडी जवळ असली की ते भरकटतं. रात्रपाळी करणाऱ्या एका मुलाने ते दोन स्क्रीनशॉट बघून पूर्वेच्या खिडकीचं घर लगेच नाकारलं. सकाळी आठला झोपणाऱ्याला ते ऊन नकोच होतं.

पैसे जपून खर्च करायचे असतील तर आधी लेझर मीटर घ्या, मग ट्रायपॉड, मग दहा हजार एमएएचची पॉवर बँक. तिच्यातून प्रत्यक्षात सहा-सात हजारच फोनला मिळतात, तेवढ्यात दिवस निघतो. ३६० कॅमेरा बाहेरगावचे ग्राहक येऊ लागल्यावर घेतला तरी चालेल.