फेब्रुवारीतली दोन पत्रं

अमेरिकेत शिकायला जायची तयारी चालू असेल, अर्जासाठीचा ई-मेल कन्सल्टंटने उघडून दिला असेल आणि त्याचा पासवर्ड त्याच्याकडे असेल, तर आधी तो पासवर्ड बदला. मग पुढचं वाचा. माझे दोन लाख दहा हजार रुपये गेले, पण त्याहून मोठं जे गेलं ते त्या एका पासवर्डामुळे गेलं.

मी कोल्हापुरात मुलींच्या वसतिगृहात असिस्टंट रेक्टर आहे. कॉलेजमधल्या ‘कमवा व शिका’ योजनेची हजेरी आणि मानधनाचे कागदही माझ्याकडेच असतात. रेक्टरचं काम म्हणजे गेटची वेळ आणि मेसच्या तक्रारी, असं बाहेरच्यांना वाटतं. रात्री दोन वाजता ताप आलेल्या मुलीला सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात नेणं, फी भरायला पैसे नाहीत म्हणून बॅग भरून बसलेल्या मुलीला थांबवणं, दिवाळीला घरी जायचंच नाही म्हणणारीशी न विचारता नुसतं बसून राहणं, हे काम कुठल्या रजिस्टरात लिहिलं जात नाही. आमचं गाव तर वसतिगृहांचंच. १९०१ साली शाहू महाराजांनी इथे मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि मग एकेका समाजासाठी बोर्डिंगं उभी राहिली. पोराला राहायला जागा आणि दोन वेळचं जेवण मिळालं तरच ते शिकेल, हे त्यांनी ओळखलं होतं. मी त्याच कामात आहे असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच या कामाचं रीतसर शिक्षण असतं हे कळलं तेव्हा दोन रात्री मला झोप लागली नाही.

हे मला ओहायोत राहणाऱ्या आतेबहिणीने सांगितलं. तिकडे या क्षेत्राला ‘स्टुडंट अफेअर्स’ म्हणतात. होस्टेल, नव्या विद्यार्थ्यांचं स्वागत, विद्यार्थी संघटना, शिस्तीची प्रकरणं, अपंग विद्यार्थ्यांच्या सोयी, असं वर्गाबाहेरचं सगळं त्यात येतं. विद्यार्थी हा अख्खा माणूस आहे, त्याच्या बुद्धीपुरतं बघून भागणार नाही, हा विचार अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनने १९३७ साली एका निवेदनात मांडला होता. आज तिथे या विषयात दोन वर्षांची मास्टर्स डिग्री असते. त्यासाठी अमुकच विषयात पदवी हवी अशी अट बहुतेक ठिकाणी नसते, त्यामुळे माझं मानसशास्त्र चालणार होतं.

या डिग्रीचा कणा म्हणजे ग्रॅज्युएट असिस्टंटशिप. आठवड्याला साधारण वीस तास विद्यापीठाच्याच होस्टेलमध्ये किंवा एखाद्या कार्यालयात काम करायचं, बदल्यात फी पूर्ण किंवा थोडी माफ आणि वर मानधन. होस्टेलची जागा मिळाली तर बऱ्याचदा राहणं-जेवणही. आपलं ‘कमवा व शिका’च, फक्त पदव्युत्तर पातळीवरचं. माझ्यासारखीला अमेरिका परवडण्याचा हा एकच रस्ता होता. माझ्या फसवणुकीचा सगळा मामला याच असिस्टंटशिपभोवती फिरतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये मी पुण्यातल्या एका कन्सल्टंटकडे गेले. ऑफिस चकचकीत, भिंतीवर व्हिसा मिळालेल्या मुलांचे फोटो, बोलणं गोड. तिथल्या सरांनी पहिल्याच भेटीत तीन गोष्टी सांगितल्या. हा कोर्स ‘नॅस्पाची मान्यता’ असलेला आहे. डिग्रीनंतर तीन वर्षं तिथे काम करता येतं. आणि मॅडम, तुम्ही भारतीय, त्यामुळे परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसा-कागद बघणाऱ्या ऑफिसात तुम्हाला हातोहात नोकरी मिळेल.

तिन्ही गोष्टी खोट्या होत्या. नॅस्पा ही या क्षेत्रातल्या लोकांची मोठी संघटना आहे, पण ती कुठल्याही कोर्सला मान्यता देत नाही. तिच्याकडे कोर्सेसची यादी असते, ती निराळी. मान्यता बघायची ती विद्यापीठाची, आणि ती अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट तपासता येते. तीन वर्षांचं म्हणाल, तर एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर डिग्रीनंतर बारा महिने काम करता येतं. त्यावरचे चोवीस महिने विज्ञान-तंत्रज्ञानाच्या ठरावीक विषयांना मिळतात, आणि हा कोर्स ज्यात मोडतो तो उच्च शिक्षण प्रशासन हा विषय त्या यादीत नाही. तिसरी थाप मला सगळ्यात जास्त लागली, कारण तिच्यावर मी स्वप्नं रचली होती. परदेशी विद्यार्थ्यांचे आय-२०, म्हणजे व्हिसासाठी लागणारे विद्यापीठाचे कागद देणारा, त्यावर सही करणारा अधिकारी अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावा लागतो, असा तिथला नियमच आहे. मी कितीही शिकले असते तरी ती सही करता आली नसती. या तिन्ही गोष्टी पडताळायला मला एक संध्याकाळ पुरली, पण ती संध्याकाळ मी पैसे गेल्यानंतर काढली.

पस्तीस हजार रुपये भरून मी फाईल उघडली. त्याची पावती मिळाली. अर्जासाठी त्यांनी माझ्या नावाने नवा ई-मेल तयार केला. ‘सगळे कागद एका जागी राहतात, तुमच्याकडून काही सुटायला नको,’ असं म्हणाले. पासवर्ड मी दोनदा मागितला. एकदा ‘पाठवतो’ म्हणाले, एकदा ‘तुम्ही लॉगिन केलं की आमच्याकडे ओटीपीचा घोळ होतो’ म्हणाले. मला ते पटलं. खरं तर पटवून घेतलं. अर्जातला हेतूचा निबंधही त्यांनीच लिहिला. माझ्या वसतिगृहाबद्दल त्यात एक ओळ होती.

डिसेंबरात चार विद्यापीठांना अर्ज गेले. जानेवारीअखेरीस सर म्हणाले, दोघांनी नाकारलं, एकाचं उत्तर नाही, पण चौथ्याकडून प्रवेश आलाय. मध्यपश्चिमेतलं चांगलं सरकारी विद्यापीठ. प्रवेश खरा होता. मी पेढे वाटले.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात असिस्टंटशिपचं पत्र आलं. म्हणजे सरांनी ते व्हॉट्सॲपवर पाठवलं. विद्यापीठाचं चिन्ह, ‘ग्रॅज्युएट असिस्टंटशिप बोर्ड’ असा शिक्का, वर्षाला १८,००० डॉलर, पूर्ण फी माफ, होस्टेलमध्ये खोली. खाली अट अशी की जागा राखण्यासाठी तीन दिवसांत ‘सिक्युरिटी डिपॉझिट’ भरायचं, ते पहिल्या सेमिस्टरनंतर परत मिळेल. एक लाख पंच्याहत्तर हजार रुपये. ‘डॉलरमध्ये पाठवायला वेळ लागेल, आमच्याकडे भरा, आम्ही पुढे करतो.’ खातं फर्मचं नव्हतं, कुणा एका व्यक्तीचं होतं. बाबा एसटीतून निवृत्त झालेले आहेत. त्यांच्या ग्रॅच्युइटीतले पैसे एनईएफटीने गेले. पावती आजतागायत नाही.

असिस्टंटशिप ही नोकरी आहे, तिला डिपॉझिट नसतं. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. कोल्हापुरात कुणी मला नोकरीसाठी डिपॉझिट मागितलं असतं तर मी दारातूनच परत आले असते. आणि तीन दिवसांच्या घाईचं म्हणाल, तर अमेरिकेतल्या अनेक ग्रॅज्युएट स्कूल्सनी मिळून एक ठराव केलेला आहे. आर्थिक मदत देऊ केलेल्या विद्यार्थ्याला १५ एप्रिलच्या आत उत्तर द्यायला भाग पाडायचं नाही, असा. तो ठराव मी वाचलेला असता, तर मार्चमधली ही घाई मला तिथेच खटकली असती.

त्याच सुमारास सरांनी सीएचा दाखला आणि बँकेचं कर्जमंजुरीचं तात्पुरतं पत्रही मागवलं. फी माफ आहे तर कर्जाचं पत्र कशाला, असं बाबांनी विचारलं. फॉर्मॅलिटी, असं उत्तर आलं. बाबांचा प्रश्न बरोबर होता. मी त्यांना गप्प केलं, ‘तुम्हाला त्यातलं कळत नाही’ म्हणाले. हे वाक्य मला आजही आठवतं आणि आजही तितकंच टोचतं.

मे महिन्यात आय-२० आलं. त्याच्या पहिल्याच पानावर एका बाजूला वर्षाचा खर्च असतो आणि दुसऱ्या बाजूला पैसे कुठून येणार ते लिहिलेलं असतं. माझा सगळा खर्च घरच्या पैशांच्या ओळीत होता. विद्यापीठाकडून मिळणाऱ्या रकमेच्या ओळीत शून्य. ‘ते नंतर ॲड होतं,’ सर म्हणाले. त्या रात्री मी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून विभागाच्या समन्वयक बाईंचा पत्ता शोधला आणि माझ्या स्वतःच्या ई-मेलवरून त्यांना लिहिलं. इंग्रजी तोडकंमोडकं होतं. विचारलं एवढंच की मला कुठल्या होस्टेलमध्ये काम मिळालंय, आधी काही वाचून यायला हवं का.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. त्यांनी आधी व्हिडिओ कॉलवर माझा पासपोर्ट बघून ओळख पटवून घेतली, आणि मग बोलल्या. तुला असिस्टंटशिप दिलेलीच नाही. तुझ्याकडच्या पत्रावरचं ‘ग्रॅज्युएट असिस्टंटशिप बोर्ड’ नावाचं कार्यालय आमच्याकडे नाही. आणि मग थोडं थांबून म्हणाल्या, पण आम्ही तुला बोलावलं होतं.

या विषयात असिस्टंटशिपच्या मुलाखती बहुतेक ठिकाणी फेब्रुवारी-मार्चमध्ये होतात. त्यांनी ५ फेब्रुवारीला मला ऑनलाइन मुलाखतीचं निमंत्रण पाठवलं होतं. कुठल्या कार्यालयांत काम करायला आवडेल ते क्रमाने कळव, असं त्यात होतं. १४ तारखेला आठवण करून दिली होती. आणि १७ फेब्रुवारीला ‘माझं’ उत्तर गेलं होतं. दोन ओळींचं. मी स्वखर्चाने शिकणार आहे, असिस्टंटशिपसाठी माझा विचार करू नये.

ती तीनही पत्रं त्यांनी मला पुढे पाठवली. मी ती वसतिगृहाच्या ऑफिसात वाचली. पैशाचं मी नंतर रडले. त्या वेळी फक्त हजेरीचं रजिस्टर काढून १७ फेब्रुवारीला मी कुठे होते ते बघितलं. रात्रपाळीला होते. बारावीतल्या एका मुलीला दम लागला होता, तिच्या उशाशी बसले होते.

कन्सल्टंटने असं का केलं हे त्याने मला कधीच सांगितलं नाही, त्यामुळे हा माझा अंदाज. अनेक अमेरिकन विद्यापीठं परदेशी विद्यार्थी आणणाऱ्या एजंटांना कमिशन देतात. सरकारी आर्थिक मदत घेणाऱ्या कॉलेजांना स्वतःच्या देशातल्या विद्यार्थ्यांमागे असं डोईगणिक कमिशन देता येत नाही, कायद्याने मनाई आहे. परदेशातून येणाऱ्यांच्या बाबतीत मात्र सूट आहे. कमिशन बऱ्याचदा भरलेल्या फीवर मोजतात. फी माफ झालेली विद्यार्थिनी एजंटाच्या काय कामाची? म्हणून खरी असिस्टंटशिप आड येत होती, आणि खोटी मला वेगळी विकता येत होती.

असिस्टंटशिपचं ते खोटं पत्र घेऊन मी व्हिसासाठी मुंबईच्या वकिलातीत गेले असते तर? अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात खोटं कागदपत्र दाखवून व्हिसा मागणाऱ्याला कायमचं अपात्र ठरवण्याची तरतूद आहे. पत्र कुणी बनवलं हे सिद्ध करत बसायला खिडकीपलीकडच्या माणसाला वेळ नसतो. फाईल माझ्या नावाची, सही माझी. तुमच्या फाईलमध्ये तुम्ही न लिहिलेलं काही आहे का, अनुभवाचा वाढवलेला दाखला, फुगवलेला सीएचा कागद, तुम्ही कधीच न बोललेली वाक्यं, हे आजच बघा.

जून २०२४ मध्ये पुण्यात पोलिसांकडे गेले. त्यांनी अर्ज घेतला, गुन्हा नोंदवला नाही. ‘हा व्यवहाराचा वाद आहे’ म्हणाले. वकिलामार्फत नोटीस गेल्यावर कन्सल्टंटचा फोन आला: पन्नास हजार देतो, ‘माझी कसलीही तक्रार नाही’ असं लिहून द्या. दिलं नाही. मग ग्राहक आयोगात गेले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, म्हणून पुण्याच्या खेपा वाचल्या. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. मुदत दोन वर्षांची असते, तेव्हा लाजेत वेळ घालवू नका. मी घरी सांगायलाच तीन आठवडे घेतले. बाबा एवढंच म्हणाले, ‘पत्रं जपून ठेव.’ व्हॉट्सॲपवरचं सगळं संभाषण, बँकेचं स्टेटमेंट, समन्वयक बाईंचे ई-मेल, या तीनच गोष्टींवर माझी तक्रार उभी आहे.

माहितीसाठी पैसे मोजायची गरजच नव्हती. एज्युकेशनयूएसए हे अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचं जाळं आहे, मुंबईत यूएसआयईएफ या भारत-अमेरिका शैक्षणिक देवाणघेवाणीच्या संस्थेत त्यांचं केंद्र आहे आणि सुरुवातीची माहिती तिथे मोफत मिळते. पण मला खरं नवल वाटलं ते विभागातल्या माणसांचं. त्यांचं आयुष्यच विद्यार्थ्यांशी बोलण्यात जातं. कोल्हापुरातल्या एका अनोळखी मुलीच्या मोडक्या इंग्रजीतल्या पत्राला त्यांनी एका दिवसात उत्तर दिलं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कर म्हणून सांगितलं. मी ऑगस्टमध्येच लिहिलं असतं तर ऑगस्टमध्येच उत्तर आलं असतं.

नवा निबंध मी स्वतः लिहिलाय. त्यात १७ फेब्रुवारीची ती रात्र आहे.

तक्रार अजून चालू आहे. तुमच्याकडे किंवा ओळखीत कुणाकडे ‘ग्रॅज्युएट असिस्टंटशिप बोर्ड’ असा शिक्का असलेलं, रुपयांत डिपॉझिट मागणारं पत्र असेल, तर पैसे भरू नका. पत्रावर छापलेल्या पत्त्यावर चौकशी करू नका, मी आधी तिथेच केली होती आणि ‘सगळं बरोबर आहे’ असं उत्तर आलं होतं. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून विभागाचा पत्ता घ्या आणि ते पत्र जसंच्या तसं जोडून त्यांना विचारा, हे तुमचं आहे का.