आपोआप झाकण उघडणारा पर्जन्यसंकलक: समुद्रावरच्या कामासाठी कसा?

पावसातून येणारं नायट्रेट, अमोनियम आणि लोह वनस्पतिप्लवकांना (समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींना) किती मिळतं हे मोजायचं, तर साधं नरसाळं चालत नाही. कोरड्या दिवसांत त्यात धूळ साचते, पक्ष्यांची विष्ठा पडते आणि फॉस्फेट-अमोनियमचे आकडे निकामी होतात. फक्त पावसातच झाकण उघडणारं हे यंत्र म्हणूनच घेण्यासारखं आहे.

२० सेंमी व्यासाच्या नरसाळ्यात १० मिमी पावसाचं साधारण ३१४ मिली पाणी जमतं. सगळ्या चाचण्यांना ते पुरतं.

खरी अडचण पाऊस ओळखणाऱ्या संवेदकाची. खारे तुषार उडाले तरी झाकण उघडतं आणि नमुन्यात समुद्राचं पाणी मिसळतं. प्रत्येक बाटलीतलं सोडियम तपासाच. उलट, झाकण उशिरा उघडलं तर पहिल्या सरी निसटतात, आणि सर्वाधिक पोषकद्रव्यं बहुधा त्यांच्यातच असतात. जहाजावर धुराड्याचा धूर येईल अशा जागी बसवू नका, नायट्रेट फुगतं.

बाटल्या १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात भिजवून अतिशुद्ध पाण्याने धुवा. लोहाचा नमुना वेगळा काढून आम्ल घालून सामू (pH) २ च्या खाली आणा, नाहीतर लोह बाटलीलाच चिकटतं. नायट्रिक आम्ल वापरलेल्या नमुन्यात नायट्रेट मोजण्यात अर्थ नाही. पोषकद्रव्यांचा नमुना गाळून उणे २० अंशांवर गोठवा.

एवढी काटेकोरी हवीच. लिटरला २० मायक्रोमोल नायट्रेट असलेला १० मिमी पाऊस १० मीटर खोल थरात मिसळला, की वाढ होते लिटरमागे जेमतेम ०.०२ मायक्रोमोल. पोषणाला मुकलेल्या समुद्रात तेवढंही मोलाचं असतं.