ग्रॅम्प्स वापरून आठ महिने: समाजी कोण, सॅम्युएल कोण?

आईचं माहेर बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. मूळचे अलिबागकडचे शनवार तेली (तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे), मग पोटापाण्यासाठी मुंबईत आलेले. त्यांची वंशावळ जुळवायला मी आधी पैसे भरून एका वेबसाइटवर तीन महिने घालवले. नाव घेत नाही. ‘समाजी’ टाकलं की शून्य, ‘सॅम्युएल’ टाकलं की पोलंडपासून अमेरिकेपर्यंतचे सगळे सॅम्युएल हजर. दोष एकट्या तिचा नाही म्हणा. यहुदी वंशावळीत उच्चारावरून शोधायची जी डाइच-मोकोटोफ पद्धत चालते, ती १९८५ची, पूर्व युरोपातली आडनावं डोळ्यांपुढे ठेवून केलेली. कोकणात सॅम्युएलचा समाजी नि आयझॅकचा इसाजी होतो, हे तिला कोण सांगणार? मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे यहुद्यांचं प्रार्थनास्थळ, १७९६मध्ये बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकरसुद्धा समाजी हसाजीच होते.

मग ग्रॅम्प्स हे वंशावळीचं सॉफ्टवेअर घेतलं. फुकट आहे, आपल्याच कॉम्प्युटरवर चालतं, आणि शोधून काही देत नाही. सापडलेलं नीट ठेवतं, एवढंच. घरची माणसं घालण्याआधी मुंबईच्या व्यापारी ससून घराण्यावर हात साफ केला. मूळच्या बगदादच्या आणि १८३२च्या सुमारास मुंबईत आलेल्या डेव्हिड यांच्या वडिलांचं नाव ससून. म्हणजे ‘डेव्हिड ससून’ हे मुळात मुलगा-बाप असं नाव, जे पुढच्या पिढ्यांना आडनाव म्हणून चिकटलं. ग्रॅम्प्समध्ये आडनाव कुठून आलं ते सांगता येतं: बापाच्या नावावरून, गावावरून, धंद्यावरून. थोरला मुलगा अब्दुल्ला पुढे अल्बर्ट झाला. एकाच माणसाला दोन्ही नावं लावली. आमचा समाजी-सॅम्युएलही असाच एका चौकटीत बसला.

खरी मजा तारखांत. वरळीच्या कब्रस्तानात पणजोबांच्या दगडावर हिब्रू अक्षरांत साल आहे, हजाराचा आकडा गाळून: ६९४. त्यात १२४० मिळवले की इंग्रजी साल १९३४, असं मी वहीत लिहून मोकळा झालो होतो. पण महिना किसलेव, म्हणजे साधारण नोव्हेंबर-डिसेंबर. हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास बदलतं, म्हणजे ते गेले १९३३च्या अखेरीस. ग्रॅम्प्सला हिब्रू तारीख तशीच देता येते, क्रम ते स्वतः लावतं.

तक्रारी आहेत. पहिले दोन आठवडे डोकं उठतं, सगळीकडे खिडकीत खिडकी. प्रत्येक गोष्टीला पुरावा जोडायचा तर वेळ जातो. आणि कॉम्प्युटरबाहेर बॅकअप आपला आपण ठेवायचा. मी ठेवला नाही, चाळीस माणसं पुन्हा टाइप केली.

तरी ती पुराव्याची कटकटच आता मला आवडते. मावशी म्हणते आपण नवगावचे, पणजोबांच्या कतुब्यात (लग्नाच्या करारपत्रात) रेवदंडा आहे. दोन्ही नोंदी ठेवल्यात. प्रत्येक पुराव्याला भरवसा किती, हेही लिहिता येतं. मावशीच्या सांगण्यापुढे ‘कमी’ निवडलंय. तिला अजून दाखवलेलं नाही.