फॉन्ड्यू: घरी की रेस्टॉरंटमध्ये?

रेस्टॉरंटमध्ये फॉन्ड्यू (वाइनमध्ये वितळवलेलं चीज, त्यात काट्याला टोचलेला पाव बुडवून खायचा) खाण्यात एक मोठं सुख आहे: चीज फाटलं तर ती त्यांची डोकेदुखी. ग्रुयेर आणि वाशरँ ही दोन चीज निम्मी-निम्मी घातलेलं स्विस 'मोआतिए-मोआतिए' जमून आलं असेल, तर तार अशी सुटते की काटा गोल फिरवूनच तोडावी लागते. बाकी तिथे फार काही करायचं नसतं.

घरी माणशी 200 ग्रॅम चीज धरा. भांड्याला आतून लसूण चोळायचा, पांढरी वाइन गरम करायची आणि किसलेलं चीज मूठ-मूठ घालत मंद आचेवर ढवळत राहायचं. माझं पहिल्या वेळी फसलंच. आच मोठी झाली. चीजचा गोळा एकीकडे, तेलकट पाणी दुसरीकडे! चमचाभर कॉर्नफ्लोर वाइनमध्ये कालवून ओतलं, दणकून ढवळलं, तेव्हा कुठे सावरलं. वाइनच्या आंबटपणामुळेही चीज एकजीव राहतं, म्हणून तिथे हात आखडू नका. पाव आदल्या दिवसाचा बरा. ताजा भांड्यातच गळून पडतो.

तरी माझा कौल घरालाच. तळाशी धरलेली खरपूस खपली (तिकडे तिला 'रेलिजियूज' म्हणतात) वेटर भांड्यासकट उचलून नेईल ही धाकधूक घरी नसते. भांडण होतं ते फक्त वाटणीवरून.