एम्पथीचा ऑनलाइन कोर्स: घ्यावा का? घ्या, पण मिरर न्यूरॉनवाला भाग जपून बघा

फिलॉसॉफी आणि ब्रेन सायन्स दोन्हीतून एम्पथी (म्हणजे दुसऱ्याचं दुखणं आपल्याला जाणवणं) समजावणारा रेकॉर्डेड कोर्स आहे, नुकताच संपवला. फिलॉसॉफी म्हटल्यावर पळू नका, उलट तोच भाग जास्त जमलाय. फिलॉसॉफर ह्यूम पटकन उरकलाय, पण अॅडम स्मिथवर (हो तोच, इकॉनॉमिक्सवाला) शिकवणाऱ्या मॅडम मस्त रमल्यात. त्याने 1759 मध्येच लिहून ठेवलंय की सख्ख्या भावाचा छळ चालू असला तरी आपली इंद्रियं आपल्याला त्याच्या वेदनेपर्यंत नेत नाहीत, कल्पनेनेच त्याच्या जागी जावं लागतं, आणि दुसऱ्याच्या पायावर फटका बसणार असं दिसलं की आपण आपलाच पाय आखडतो. हे ऐकताना मी खरंच पाय मागे घेतला राव.

मग ब्रेनवाला भाग. 2004 चा टानिया सिंगर या ब्रेन सायंटिस्टचा प्रयोग एकदम डिटेलमध्ये दाखवलाय. 16 जोडपी, बाई मेंदूच्या स्कॅनरमध्ये, जोडीदार शेजारी बसलेला, शॉक कधी हिच्या हाताला तर कधी त्याच्या, आणि कोणाला बसणार हे आधी स्क्रीनवरच्या खुणेवरून कळतं. दुखण्याचा त्रास, नकोसेपणा ज्यात असतो ते मेंदूतले दोन भाग, इन्सुलाचा पुढचा भाग आणि अँटीरियर सिंग्युलेट, दोन्ही वेळा पेटतात, पण हाताला नेमकं कुठे किती दुखतंय हे टिपणारा भाग फक्त स्वतःला शॉक बसला की. म्हणजे स्मिथ जे म्हणत होता तेच की! जवळपास अडीचशे वर्षांनी स्कॅनरमध्ये दिसलं, आणि कोर्समध्ये मात्र हे दोन वेगवेगळ्या मॉड्यूलमध्ये पडलंय, कोणी जोडूनच दाखवत नाही, हीच माझी मोठी तक्रार.

मिरर न्यूरॉनवाला भाग तर पार वाहवत गेलाय. इटलीतल्या पार्माच्या लॅबमध्ये माकडाने वस्तू उचलली काय किंवा कोणाला उचलताना बघितलं काय, तेच न्यूरॉन चालू होतात, इथपर्यंत ठीक. तिथून थेट ‘म्हणून माणूस दयाळू’? अहो, ते उचलण्याचे न्यूरॉन आहेत, कळवळ्याचे नाहीत.

फुटबॉल फॅन्सवाला 2010 चा प्रयोग (समोरच्या टीमच्या फॅनला दुखलं की इन्सुला थंड) शेवटी घाईत गुंडाळलाय, खरं तर त्यावर अख्खा लेक्चर हवा होता. क्विझ टाइमपास आहेत, सोडल्या तरी चालतील. काउन्सेलिंग, नर्सिंग, शिकवणं असल्या कामात असाल तर नक्की घ्या, पाचपैकी साडेतीन.