‘काइंड ऑफ ब्लू’: जुनी मोनो एलपी घ्यावी की दुरुस्त आवृत्ती?

जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बमच्या १९५९ सालच्या मोनो (एकाच वाहिनीतून सगळा आवाज देणाऱ्या) प्रतीसाठी संग्राहक भरमसाट पैसे मोजतात. माझ्या मते ही किंमत तिच्या दुसऱ्या बाजूसाठीच मोजण्याजोगी आहे.

२ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या थर्टिएथ स्ट्रीट स्टुडिओत ‘सो व्हॉट’, ‘फ्रेडी फ्रीलोडर’ आणि ‘ब्लू इन ग्रीन’ यांचे ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा मुख्य टेपयंत्र किंचित संथ फिरत होते. पुढे तीच टेप योग्य वेगाने वाजवली गेल्यामुळे तबकडीची सबंध पहिली बाजू जलद आणि चढ्या पट्टीची झाली. २२ एप्रिलच्या ध्वनिमुद्रणाला, म्हणजे दुसऱ्या बाजूला, ही बाधा झाली नाही. १९९२ मध्ये, त्याच वेळी दुसऱ्या यंत्रावर योग्य वेगाने भरलेल्या राखीव टेपांचा आधार घेऊन कोलंबिया या ध्वनिमुद्रण कंपनीने हा दोष दूर केला.

फरक ऐकायचा असेल, तर पेटीवर पांढरी दोन धरून ‘सो व्हॉट’ लावावे. दुरुस्त आवृत्तीत पॉल चेंबर्स यांचा बास त्या सुरात मिसळून जातो. जुन्या प्रतीत मात्र तो पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मध्ये कुठेतरी राहतो, आणि एकदा हे जाणवले की कानाला ते खुपतच राहते. त्यामुळे पहिल्या बाजूसाठी मी निःशंकपणे दुरुस्त टेपवरून काढलेली नवी एलपीच सुचवीन. खरेदीपूर्वी विक्रेत्याकडून तेवढी खात्री करून घ्यावी.

दुसऱ्या बाजूचा न्याय वेगळा आहे. लेबलवर डावी-उजवीकडे डोळ्यासारखी तीन-तीन चिन्हे (‘डोळे’) असलेली जुनी मोनो प्रत (क्रमांक सीएल १३५५) ‘ऑल ब्लूज’मध्ये ट्रम्पेटला जे वजन आणि जी जवळीक देते, ती मला नंतरच्या कोणत्याही प्रतीत मिळालेली नाही. स्टिरिओ प्रतीत (क्रमांक सीएस ८१६३) कोल्ट्रेन डावीकडे आणि कॅननबॉल ॲडर्ली उजवीकडे असल्याने दोन सॅक्सोफोन वेगळे ओळखणे सोपे जाते, हे खरे. पण वादकांचा मेळ मोनोतच अधिक एकजीव वाटतो. सुरुवातीच्या काही प्रतींवर दुसऱ्या बाजूच्या दोन रचनांची नावे उलट्या क्रमाने छापली गेली आहेत. संग्राहकांना त्याचे अप्रूप असते, आवाजाशी मात्र त्या चुकीचा काहीही संबंध नाही.

जुनी प्रत घेताना ‘फ्लेमेंको स्केचेस’ शेवटपर्यंत ऐकावे. ही रचना लेबलजवळच्या चरींमध्ये येते, जड सुयांनी झीज झाली असेल तर ती तिथे आधी कळते, आणि बिल एव्हान्स यांचा पियानो इतका हळुवार आहे की थोडीशी खरखरही त्याला झाकून टाकते. ही रचना स्वच्छ वाजत असेल, तर पहिल्या बाजूवरचे ओरखडे दाखवून किंमत उतरवून घ्यावी आणि प्रत खुशाल विकत घ्यावी.