ना स्लाइड, ना कागद: ‘स्टोरी कोलायडर’ बघायलाच हवा

न्यू यॉर्कच्या आसपास राहत असाल किंवा मुलांकडे येणार असाल, तर विज्ञानाशी जोडलेल्या खऱ्या गोष्टी मंचावरून सांगणाऱ्या ‘द स्टोरी कोलायडर’ या कार्यक्रमाचा एक तरी प्रयोग समोर बसून बघा. ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठी पॉडकास्ट आहे, फुकट आहे. त्याबद्दल पुढे लिहितेच.

स्वरूप अगदी साधं. एका संध्याकाळी साधारण पाच जण एकेक करून मंचावर येतात आणि दहाएक मिनिटांत आपल्या आयुष्यात खरोखर घडलेली, विज्ञानाशी जोडलेली एक गोष्ट सांगतात. पडद्यावर काही नाही, हातात कागद नाही. सगळेच शास्त्रज्ञ असतात असंही नाही. डॉक्टर, शिक्षक, पेशंट, स्टँड-अप करणारे, कोणीही. बेन लिली आणि ब्रायन वेक्ट या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी २०१० साली ब्रुकलिनमध्ये हे सुरू केलं. आता दोघेही संशोधनात नाहीत. लिली तर मॅनहॅटनमधल्या ‘कॅव्हिएट’ या छोट्या नाट्यगृहाच्या संस्थापकांपैकी एक. ते २०१७ साली उघडलं, आणि मी बघितलं ते तिथेच. न्यू जर्सीतल्या एडिसनकडून जाणाऱ्यांनी एनजे ट्रान्झिटच्या रेल्वेने पेन स्टेशनला उतरावं, हेराल्ड स्क्वेअरपर्यंत चालत जावं आणि एफ ट्रेन पकडून डिलान्सी स्ट्रीटला यावं. तिथून क्लिंटन स्ट्रीट जवळच आहे. जागा तळघरात आहे आणि लहान आहे, त्यामुळे तिकीट आधी काढा आणि पुढे बसा. पुढे का, ते सांगते.

मी मूळची सांगलीची, इथे हॉस्पिटलच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर हातात स्वॅब. एका प्रयोगात बेडकांवर काम केलेली एक बाई आली. मध्य अमेरिकेतल्या बेडकांच्या जातीच्या जाती ज्या कायट्रिड बुरशीने संपवल्या, तिची लागण ओळखायला ती विद्यार्थिदशेत पनामातल्या एका ओढ्यावर रात्रीची जायची. ही बुरशी बेडकाच्या कातडीत वाढते. बेडूक कातडीतूनच पाणी आणि क्षार घेतो, त्यामुळे रक्तातलं क्षारांचं प्रमाण बिघडतं आणि शेवटी हृदय बंद पडतं. एवढं विज्ञान तिने दोन वाक्यांत सांगून टाकलं. मग माइकपासून किंचित मागे सरून तिने डावी मूठ अर्धी मिटली, जणू आत बेडूक आहे, आणि उजव्या हाताने न दिसणारा स्वॅब त्याच्या पोटावरून फिरवला. एक, दोन, तीन, चार, पाच. मग मांडी, मग पावलांची बोटं. प्रत्येक ठिकाणी तसेच मोजून. दाब किती द्यायचा, काडी बोटांत कशी फिरवायची, सगळं अचूक. मी हे रोज माणसांच्या घशात करते, त्यामुळे तिचे हात खोटं बोलत नाहीत हे मला लगेच कळलं.

तिची आई दर रविवारी फोनवर विचारायची, बेडूक कसे आहेत? आणि ती म्हणायची, मजेत. ओढा आठवड्या-आठवड्याने शांत होत चालला होता, पिशवीतले मेलेले बेडूक वाढत होते, आणि फोनवर मात्र सगळं मजेत. शेवटी एका रविवारी तिने आईला नुसता आकडा सांगितला. आई थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, पुढच्या रविवारीही सांग. शेजारी बसलेल्या माझ्या भाचीने माझा हात धरला. ती सध्या पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि घरी सगळ्यांना ‘छान चाललंय’ म्हणते.

संशोधनाच्या लेखात ‘नमुने घेण्यात आले’, ‘काही नमुने बाद करण्यात आले’ असं लिहायची पद्धत आहे. कोणी घेतले, किती वाजता, घेताना ती व्यक्ती कशी होती, हे सगळं गाळलेलं. पद्धत योग्यच आहे, निष्कर्ष माणसावर अवलंबून नसावा म्हणूनच ती आली. पण गाळलेलं ते कुठे तरी सांगितलं गेलं पाहिजे, आणि हा मंच ती जागा देतो. मला तरी हेच त्याचं सर्वांत मोठं मोल वाटतं.

सगळ्याच गोष्टी या तोलाच्या नसतात. काहींमध्ये विज्ञान म्हणजे फक्त हॉस्पिटलची एक फेरी असते. ते काढून टाकलं तरी गोष्टीचं काही बिघडत नाही. तिथे माझं मन लागत नाही. दुसरं म्हणजे, गोष्टींवर आधी मेहनत घेतलेली असते, ते जाणवतं आणि बहुतेक वेळा चांगलंच जाणवतं. पण शेवटी सांगणाऱ्याला सगळा उलगडा झालेलाच हवा, असा आग्रह नसावा. फसलेला प्रयोग फसलेलाच राहिला अशा गोष्टी मला जास्त खऱ्या वाटतात, आणि त्या आणखी हव्यात.

पॉडकास्टमध्ये बहुधा एका विषयावरच्या दोन गोष्टी एकत्र असतात. पुण्या-मुंबईहून ऐकणाऱ्यांना भाषेची अडचण फार येऊ नये, कारण बोलणं घरगुती असतं, व्याख्यानी नाही. स्वयंपाक करता करता ऐकू नका मात्र. मधलं एक वाक्य निसटलं की पुढचं पोकळ वाटतं. आणि ते हात कानांना दिसत नाहीत, म्हणून शक्य असेल तर पुढच्या रांगेत बसा असं म्हणते.

मराठीत विज्ञानाची व्याख्यानं भरपूर होतात. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून काम करते आहे, पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेत शाळकरी मुलांसाठी दुसऱ्या शनिवारची व्याख्यानं असतात, विज्ञानकथांच्या स्पर्धाही होतात. कथाकथनाला तिकीट काढून जाणारा प्रेक्षकही आपल्याकडेच घडला. मग २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला एक संध्याकाळ अशी का ठेवू नये? पाच माणसं, प्रत्येकी दहा मिनिटं, प्रोजेक्टर बंद. प्राध्यापकांपुरतं ठेवू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, ते ओसरल्यावर गावोगावच्या पिण्याच्या पाण्याचे नमुने तपासायला कोणी तरी बसलंच असेल. पहिली दहा मिनिटं त्यांना द्या. मी सुट्टी काढून येते.